घराभोवतीचे वन्यजीव : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

पाऊस ओसरून भातकापणी जवळ आली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बहुधा एकच असतो : माळ्यावर, परसात, बागेत किंवा गोठ्याच्या आसपास वावरणारे वन्यप्राणी. यंदाही तसेच झाले आहे. सर्व पत्रांना जागा देणे शक्य नसल्यामुळे ज्यांतील अडचण अनेक घरांना लागू पडेल अशी पत्रे निवडून, थोडी संक्षिप्त करून येथे घेतली आहेत.

प्रश्न : आमचे घर जुने, कौलारू आणि माळ्याचे आहे. रात्री आठनंतर माळ्यावर जड पावलांचा धपधप आवाज येतो आणि पहाटे पुन्हा तसाच आवाज होतो. एका कोपऱ्यात बियांनी भरलेली विष्ठा साचली आहे आणि कधी कधी वासाचा तांदूळ शिजत असल्यासारखा वास येतो. डांबरगोळ्या टाकून पाहिल्या, उपयोग झाला नाही. शेजारी विष घालण्याचा सल्ला देतात. काय करावे? (वाचक भगिनी, ता. गुहागर)

उत्तर : आपण कळवलेल्या सर्व खुणा उदमांजराच्या आहेत, काही भागांत त्याला कांडेचोर म्हणतात. उंदरांची धावपळ हलकी असते आणि रात्रभर चालते. उदमांजर मात्र दिवसभर माळ्यावर झोपते, अंधार पडल्यावर बाहेर जाते आणि पहाटे परतते, म्हणून आवाज त्या दोन वेळांनाच जाणवतो. विष्ठेतील बिया पाहिल्या तर त्या भेरली माडाच्या, जांभळाच्या, पपईच्या असल्याचे दिसेल, कारण हा प्राणी मुख्यतः फळांवर जगतो आणि त्याच्या जोडीला उंदीर, किडे आणि संधी मिळाल्यास कोंबडीचे पिल्लूही खातो. माणसावर तो आपण होऊन चाल करून येत नाही.

विषाचा सल्ला कृपा करून मानू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत मारण्याबरोबरच पकडणे, सापळा लावणे आणि विष घालणे यांचाही समावेश आहे आणि उदमांजर हा संरक्षित प्राणी आहे. कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी विष खाल्लेला प्राणी हात पोहोचणार नाही अशा कोपऱ्यात जाऊन मरतो आणि त्यानंतर कित्येक दिवस त्या घरात राहणे अशक्य होते. डांबरगोळ्यांचा वास त्याला एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात घालवतो, इतकेच. त्यांची वाफ मात्र खालच्या खोल्यांत उतरते, आणि ती लहान मुलांना बाधक असते.

आधी त्याची वाट शोधावी. चुलीची राख चाळून माळ्याच्या फळ्यांवर, भिंतीच्या माथ्यावर आणि वळचणीजवळ पातळ पसरून ठेवावी. सकाळी राखेत पाच बोटांचे ठसे उमटलेले दिसतील आणि ते कोणत्या फटीकडे जातात हेही कळेल. ही वाट बहुतेक घरांत भिंत आणि वासे यांच्यामधली मोकळी जागा असते किंवा सरकलेले कौल असते आणि तिथपर्यंत पोहोचण्यासाठी छपरावर आलेली फणसाची वा आंब्याची एखादी फांदी असते. फांदी छपरापासून निदान दोन-अडीच मीटर दूर राहील अशी तोडावी. फट मात्र लगेच बुजवू नये. दिवसा माळ्यावरून बारीक चूं-चूं असा आवाज येतो का, हे दोन-तीन दिवस लक्ष देऊन ऐकावे. पिल्ले असतील तर ती आईबरोबर बाहेर पडू लागेपर्यंत, म्हणजे साधारण दोन-तीन महिने, थांबणे भाग आहे. आईला बाहेर कोंडले तर पिल्ले माळ्यावर मरतात आणि आई आत शिरण्यासाठी कौले उचकटते.

पिल्ले नसल्याची खात्री झाल्यावर एक फट सोडून बाकीच्या सर्व फटी वेल्डमेश जाळीने पक्क्या कराव्यात. राहिलेल्या फटीवर जाळीचा तुकडा फक्त वरच्या बाजूने खिळवून असा झुलता ठेवावा, की आतून ढकलल्यावर तो बाहेर उघडेल, पण बाहेरून आत ढकलता येणार नाही. राख पुन्हा पसरावी. सलग काही रात्री राखेवर ठसा उमटला नाही, की ती फटही कायमची बंद करावी. साफसफाई करताना तोंडावर फडके बांधून विष्ठेवर आधी पाणी शिंपडावे, म्हणजे धूळ उडणार नाही. नंतर फळ्या साबणाच्या पाण्याने धुवाव्यात, कारण तो वास राहिला तर दुसरे उदमांजर त्या जागी येऊ शकते. आणि माळ्यावर आंब्याची आढी किंवा पिकायला टांगलेला केळीचा घड ठेवण्याची पद्धत आपल्याकडे असल्यास ती सोय या घरात तरी खालच्या बंद खोलीत हलवावी. ज्या माळ्यावर फळे पिकतात तो माळा या प्राण्याला सोडवत नाही.

प्रश्न : वाडीत लाल तोंडाच्या माकडांचा कळप रोज येतो. कोवळे नारळ तोडून टाकतात, कौले फोडतात, उघडे दार दिसले की स्वयंपाकघरात शिरतात. फटाके लावून आम्ही थकलो. पिंजरा लावून पकडावे आणि दूरच्या जंगलात सोडावे असे वाडीतील काही जण म्हणतात. ते योग्य होईल काय? माडाच्या बुंध्यावर गुळगुळीत पत्र्याचा पट्टा बसवला तर उपयोग होईल काय? (वाचक, ता. सावंतवाडी)

उत्तर : नारळ हे घरातल्या रोजच्या जेवणाचे आणि वर्षाच्या उत्पन्नाचेही साधन असताना झाडाखाली पडलेल्या कोवळ्या फळांचा सडा पाहणे किती त्रासाचे आहे, हे सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीतून येणारी पत्रे आम्हाला वारंवार सांगतात. ही तक्रार किरकोळ समजून बागायतदारालाच सहनशीलतेचा उपदेश करणे आम्हाला मान्य नाही. तरीही पकडून दूर सोडण्याचा उपाय आम्ही सुचवणार नाही.

प्रत्येक कळपाचा वावरण्याचा प्रदेश ठरलेला असतो. एक कळप उचलून नेला तर मोकळ्या झालेल्या जागेत शेजारचा कळप उतरतो, कारण नारळ, केळी आणि उकिरडा तिथेच असतात. नेलेल्या कळपाचे म्हणाल, तर स्वयंपाकघराची चव लागलेले माकड नव्या जंगलात सोडल्यावर रानफळे शोधत बसत नाही, ते जवळचे घर शोधते. आपली अडचण दुसऱ्या वाडीच्या दारात नेऊन ठेवल्यासारखे ते होते. शिवाय मुख्य वन्यजीव रक्षकांच्या किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय पिंजरा लावता येत नाही. हिमाचल प्रदेशात माकडांची नसबंदी गेली अनेक वर्षे चालू आहे. संख्या आवरण्याचा तो एक मार्ग आहे, पण तो शासनाने हाती घ्यायचा आणि वर्षानुवर्षे चालवायचा आहे. ग्रामसभेने तसा ठराव करून वनविभागाकडे पाठवावा, असे मात्र आम्ही आग्रहाने सांगू, कारण एकेकट्या बागायतदाराच्या अर्जापेक्षा त्याला वजन येते.

वाडीने करावयाचे काम राखणीचे आहे. फटाक्यांना माकडे सरावतात. आवाज होतो, पण मागोमाग कोणी येत नाही, हे त्यांना दोन आठवड्यांत कळते. माणूस आणि त्याच्याबरोबर राखणीला सरावलेला कुत्रा यांना ती अधिक भितात, तेही कळप वाडीत शिरत असतानाच अडवला तर. खाणे सुरू झाल्यावर हाकलण्याला फारसा अर्थ उरत नाही. कळप कोणत्या बाजूने आणि साधारण किती वाजता उतरतो याचा अंदाज घेऊन वाडीतील घरांनी पाळ्या लावाव्यात. एकाच घराने राखण केली तर कळप शेजारच्या आगरात जातो आणि दुपारी परत येतो, म्हणून सर्वांनी मिळून करणे आवश्यक आहे. देवळातील नैवेद्याची केळी, लग्नकार्यानंतर उघड्यावर टाकलेले अन्न, घाटात गाडी थांबवून माकडांना बिस्किटे देणारे प्रवासी, या सर्वांमुळे माकडांची माणसाविषयीची भीती मोडते. आपल्या वाडीपुरता तरी उघडा उकिरडा बंद करणे शक्य आहे. स्वयंपाकघराच्या खिडक्यांना जाळी आणि दाराला बाहेरून सहज न उघडणारी कडी हवी.

माडाच्या बुंध्यावर गुळगुळीत पत्र्याचा पट्टा बसवण्याविषयी आपण विचारले आहे. जमिनीपासून साधारण दीड-दोन मीटरवर हातभर रुंदीचा पट्टा उंदरांना निश्चित अडवतो. माकडांच्या बाबतीत तो एकट्या उभ्या असलेल्या माडापुरताच उपयोगी आहे, कारण दाट आगरात माकड बुंध्यावरून चढतच नाही, एका झावळीवरून दुसऱ्या झावळीवर जाते. नवीन लागवड करताना मात्र पिकांचा विचार वेगळ्या रीतीने करता येईल. रत्नागिरीजवळ भाट्ये येथील प्रादेशिक नारळ संशोधन केंद्राने नारळाच्या बागेत मसाला पिके घेण्याची लाखी बागेची पद्धत प्रचारात आणली आहे. तिच्यातील काळी मिरी आणि दालचिनी यांना, तसेच सावलीत येणाऱ्या हळदीला, माकडे फारशी शिवत नाहीत. नारळाचे नुकसान त्याने थांबणार नाही, पण सारे उत्पन्न एकाच फळावर अवलंबून राहणार नाही.

आपल्या तालुक्याच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात १९५७ मध्ये प्रथम ओळखला गेलेला माकडताप २०१६ पासून दोडामार्ग आणि त्यालगतच्या भागात आढळू लागला. त्याच्या विषाणूची लागण जंगलातील गोचिडींच्या चाव्यातून माणसाला होते आणि माकडेही त्याने मरतात. बागेत किंवा रानात मेलेले माकड दिसले तर त्याला हात लावू नये, पुरू नये, जवळही जाऊ नये. मेलेल्या माकडाच्या अंगावरून उतरलेल्या गोचिडी आसपासच्या पालापाचोळ्यात असतात. प्राथमिक आरोग्य केंद्राला आणि वनविभागाला लगेच कळवावे, आणि रानात जाऊन आल्यानंतरच्या दिवसांत जोराचा ताप, डोकेदुखी व अंगदुखी सुरू झाली तर आपण रानात गेलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. माकड चावले किंवा त्याने ओरबाडले तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवून त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी सरकारी रुग्णालयात जावे.

प्रश्न : घराला लागून जांभ्याचा गडगा आहे. पावसाळ्यात त्यातून फुरशी निघतात आणि मागील महिन्यात न्हाणीघराजवळ मण्यार दिसली. विंचूही निघतात. आम्ही घराभोवती फोरेटचे दाणे आणि कार्बोलिक ॲसिड टाकतो. त्याने साप येत नाहीत, हे खरे आहे काय? घरात दोन लहान मुले आहेत. (वाचक, ता. देवगड)

उत्तर : खरे नाही, आणि मुले असलेल्या घरात हे दोन्ही पदार्थ सापापेक्षा मोठा धोका आहेत. फोरेट हे अतिशय जहाल कीटकनाशक असून २०२० च्या अखेरीपासून देशात त्याच्यावर बंदी आहे. पावसात ते विरघळून विहिरीच्या पाण्यात उतरू शकते, आणि कोंबडीने टिपलेला किंवा मुलाने हातात घेतलेला दाणा जिवावर बेततो. कार्बोलिक ॲसिडने कातडी भाजते. साप या दोहोंमुळे येण्याचा थांबत नाही. जे शिल्लक असेल ते कृपया आजच हातमोजे घालून गोळा करावे, मुलांच्या आणि गुरांच्या हाती लागणार नाही असे बंद ठेवावे आणि त्याची विल्हेवाट कशी लावावी हे कृषी सहायकाला विचारावे.

साप घराजवळ उंदीर, बेडूक, पाली आणि आडोसा यांच्यासाठी येतो. म्हणून आपल्या घरापुरते पाहायचे तर पहिले काम गडग्याचे आहे. देवगडच्या सड्यावर फुरशी दगडांखाली आणि कपारींत राहतात, आणि मातीशिवाय रचलेला गडगा म्हणजे त्यांच्या दृष्टीने कपारींची रांगच असते. संपूर्ण गडगा पाडण्याची गरज नाही. घराला, अंगणाला आणि न्हाणीघराला लागून असलेला भाग तेवढा चुना-सिमेंटने दर्जा भरून बुजवावा आणि त्याच्या पायथ्याचे गवत पावसाळाभर कापत राहावे. सरपणाची रास भिंतीला टेकवून जमिनीवर रचलेली असते, ती दगडांवर फळ्या टाकून हातभर उंच आणि घरापासून दूर हलवावी. लाकूड काढताना आधी काठीने हलवावे. न्हाणीघराच्या मोरीच्या तोंडाला बारीक जाळी बसवावी. दार आणि उंबरठा यांच्यामध्ये बोट जाईल एवढी फट असेल तर तिच्यातून मण्यार सहज येते. तिथे रबराची पट्टी लावावी. धान्य कणगीत किंवा पोत्यांत असेल तर ते पत्र्याच्या झाकणाच्या पिंपात घालावे, म्हणजे उंदीर कमी होतील.

मण्यारीविषयी स्वतंत्रपणे लिहिणे भाग आहे, कारण तिची गाठ बहुतेक वेळा झोपलेल्या माणसाशी पडते. ती रात्री फिरते, जमिनीवर अंथरलेल्या बिछान्यात शिरते आणि तिचा चावा इतका बारीक असतो की अनेकदा माणूस जागाही होत नाही. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होऊन मिटू लागतात, घशाखाली घोट उतरत नाही, बोलणे अडखळते. पावसाळ्यात अशी लक्षणे दिसली तर अंगावर खूण सापडो वा न सापडो, तो सर्पदंश समजून रुग्णालय गाठावे. मुलांना खाटेवर आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली चारही बाजूंनी खोचून झोपवणे, हा या सापावरचा सर्वांत भरवशाचा उपाय आहे. त्याचा खर्चही सर्वांना पेलण्यासारखा आहे.

दंश झाल्यास माणसाला झोपवून धीर द्यावा, दंशाचा हात किंवा पाय लाकडी पट्टीने हलणार नाही असा बांधावा, अंगठ्या व बांगड्या काढाव्यात आणि १०८ वर फोन करावा. रुग्णवाहिकेला वेळ लागत असेल तर मिळेल त्या वाहनाने निघावे. दोरी आवळून बांधणे, पात्याने चीर देणे, तोंडाने विष ओढणे, मंत्र किंवा झाडपाल्यात वेळ घालवणे, यांतील काहीही करू नये. फुरशाच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, तेव्हा चीर दिलेल्या जागेतून रक्त थांबता थांबत नाही. सापाला मारून रुग्णालयात नेण्याची गरज नसते. फुरसे किंवा घोणस चावल्याचा संशय असेल तर डॉक्टर काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन ते २० मिनिटांत गोठते का, हे पाहतात. आपल्याकडे मिळणारी प्रतिसर्पविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालते, म्हणून सापाची जात सांगता आली नाही तरी उपचार अडत नाही. आपल्या सर्वांत जवळच्या ज्या सरकारी रुग्णालयात ही लस चोवीस तास उपलब्ध असते त्याचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक आजच विचारून भिंतीवर लिहून ठेवावा. रात्री दोन वाजता ही चौकशी करत बसायला वेळ नसतो.

आपण विंचवांचाही उल्लेख केला आहे. तेही त्याच गडग्यातून आणि सरपणातून येतात, म्हणून उपाय वेगळा नाही. लाल विंचू चावल्यानंतर घाम, उलट्या, हातपाय गार पडणे अशी लक्षणे दिसली तर ती हृदयावर परिणाम होत असल्याची खूण आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातील रुग्णांवर प्रॅझोसिन या औषधाचा उपयोग करून दाखवल्यापासून हे मृत्यू टाळता येऊ लागले आहेत, मात्र त्यासाठी रुग्ण वेळेवर पोहोचला पाहिजे.

प्रश्न : रानडुकरे रात्री परसातले सुरण, कणगर आणि नारळाची रोपे उकरून टाकतात. शेजाऱ्याने कुंपणाच्या तारेत घरचा वीजप्रवाह सोडला आहे आणि आम्हालाही तसेच करा म्हणतो. (वाचक, ता. राजापूर)

उत्तर : तसे मुळीच करू नये, आणि शेजाऱ्यांनाही आजच थांबवावे. घरच्या विजेचा प्रवाह तारेला चिकटलेल्याला सोडत नाही. अशा तारांनी पहाटे पाणी पाहायला निघालेली माणसे, गुरे आणि पाळीव कुत्री दगावली आहेत, आणि माणूस दगावल्यास तार लावणाऱ्यावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होतो. डुकरांसाठी ठेवल्या जाणाऱ्या गावठी बॉम्बबाबतही हेच म्हणावे लागेल. तो गुन्हा आहे, आणि चरायला गेलेल्या गाईचा जबडा त्याने फाटतो.

सौर कुंपण दिसायला तसेच असले तरी त्याचे तत्त्व वेगळे आहे. त्यातील यंत्र तारेत साधारण सेकंदाला एकदा, अत्यंत अल्प काळ टिकणारा झटका सोडते. झटका जोराचा बसतो, पण दोन झटक्यांच्या मध्ये प्रवाह नसल्यामुळे प्राणी सुटून मागे फिरतो. यंत्र प्रमाणित असावे, घरी जुळवलेले नसावे. सर्वांत खालची तार जमिनीपासून वीतभरच उंच हवी, कारण डुक्कर सहसा उडी मारत नाही, नाकाने तार उचलून खालून शिरते, आणि झटका त्या ओल्या नाकालाच बसायला हवा. तारेला गवत टेकले की जोर उतरतो, म्हणून पावसाळ्यात दर आठवड्याला तारेखालचे गवत कापावे लागते. उन्हाळ्यात जांभा जमीन कोरडी पडल्यावर अर्थिंग काम देत नाही, तेव्हा अर्थिंगच्या सळीभोवती पाणी ओतत राहावे. कुंपण चालत नाही म्हणून येणाऱ्या तक्रारींचे मूळ पुष्कळदा या दोन गोष्टींत असते. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदान दिले जाते. आपले गाव त्यात बसते का, हे वनपालांकडे विचारावे.

नुकसान झाले की त्याच दिवशी वनरक्षकाला कळवून, उकरलेल्या जागेची छायाचित्रे काढून आणि सातबारा जोडून अर्ज द्यावा. पंचनामा होईपर्यंत वाफे सारखे करू नयेत. पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुकरांना मारण्याच्या परवानगीसाठी वनविभागाकडे अर्ज करण्याचीही तरतूद आहे, मात्र लेखी परवानगी हाती येण्यापूर्वी काहीही करू नये.

प्रश्न : आमची वस्ती उसाच्या मळ्यात आहे. बिबट्याने पडवीतून कुत्रे नेले. पिंजरा लावून तो पकडावा, अशी मागणी करावी काय? (वाचक, ता. जुन्नर)

उत्तर : आपल्या भागात बिबट्यांच्या हल्ल्यांत माणसे गेली आहेत, तेव्हा आपली भीती अनाठायी नाही. माणसावर हल्ला केलेला बिबट्या पकडण्याची मागणी योग्यच आहे आणि वनविभाग ते करतोही. कुत्रे नेल्यावर पिंजरा लावण्याने मात्र वस्ती सुरक्षित होत नाही. जुन्नर परिसरात २००० नंतरच्या काही वर्षांत मोठ्या संख्येने बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्यात आले. त्याचा अभ्यास करणाऱ्या विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले की, ज्या भागांत ते सोडले गेले तिथे माणसांवरचे हल्ले वाढले. त्यांनीच अकोले तालुक्यात केलेल्या दुसऱ्या अभ्यासात बिबट्यांच्या आहाराचा सर्वांत मोठा भाग, वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के, कुत्र्यांचा असल्याचे दिसून आले. म्हणजे पडवीत बांधलेले कुत्रे हे राखणदार नसून बिबट्याला दारापर्यंत आणणारे आमिष ठरते.

कुत्रे रात्री घरात किंवा पक्क्या पिंजऱ्यात घ्यावे. शेळ्यांचा गोठा चारही बाजूंनी आणि वरूनही जाळीने बंद असावा. नुसता कूड बिबट्या सहज ओलांडतो. कोंबड्यांची घाण आणि मेलेले जनावर मळ्यात टाकू नये, त्याने कुत्री जमतात. ऊस घराच्या भिंतीपर्यंत लावलेला असेल तर पुढच्या लागवडीत निदान पाच-सहा मीटरचा पट्टा मोकळा सोडावा, हे आम्ही फार आग्रहाने सांगतो. उत्पन्न थोडे कमी होईल, पण दारातून बाहेर पाऊल टाकताना समोरचे दिसेल. संध्याकाळनंतर मुलांना एकटे अंगणात सोडू नये आणि शौचाला बाहेर जाणे पूर्ण बंद करावे. वाकून काम करणारा माणूस बिबट्याला लहान दिसतो, म्हणून खुरपणी-तोडणीच्या वेळी दोघा-तिघांनी बोलत, आवाज करत काम करावे.

ऊसतोडीत पिल्ले सापडली तर त्यांना हात लावू नये, मोबाइलवर चित्रण करत गर्दी करू नये, तोड थांबवावी आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. माणिकडोह येथील बिबट निवारा केंद्राच्या पथकांच्या मदतीने अशी पिल्ले त्याच जागी खोक्यात ठेवली जातात आणि बहुतेक वेळा आई रात्री येऊन त्यांना घेऊन जाते. पिल्ले हरवलेली आई वस्तीभोवती फिरत राहणे हे सर्वांत धोक्याचे आहे.

प्रश्न : घुशींनी गोठ्याचा पाया पोखरला आहे. कोणते औषध घालावे? (वाचक, ता. वेल्हे)

उत्तर : गोठ्याजवळ विषारी आमिष घालू नये. विष खाल्लेले उंदीर व घुशी गव्हाणी घुबड आणि मांजर खाते आणि तेही मरते. घुबडाची एक जोडी आपल्यासाठी वर्षभर जे काम करते ते मग कोणीच करत नाही. बिळांची ताजी माती काढून सर्व तोंडे बुजवावीत. दुसऱ्या दिवशी जी पुन्हा उघडलेली दिसतील, तेवढ्याच बिळांपाशी सुक्या मासळीचे आमिष लावून लोखंडी पिंजरे ठेवावेत. नंतर बिळांत काचेचे तुकडे मिसळलेली खडी ठोकून पाया सिमेंटने बंद करावा आणि आंबोण व पेंड रात्री उघडी ठेवू नये. मेलेला उंदीर हातमोज्याशिवाय उचलू नये. पायाला जखम असताना गोठ्यातील चिखलात उतरू नये, कारण लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) या रोगाचा संसर्ग उंदराच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून होतो.

प्रश्न : घराच्या भिंतीतील पोकळीत मधमाश्यांनी घर केले आहे आणि आवारातल्या वडावर आग्या मोहोळ लटकले आहे. दोन्ही जाळून टाकावीत काय? (वाचक, ता. पाटण)

उत्तर : दोन्ही जाळू नयेत. भिंतीतल्या माश्या सातेरी जातीच्या असाव्यात. त्या स्वभावाने शांत असतात आणि प्रशिक्षित मधपाळ त्यांना राणीसह पेटीत घेऊन जाऊ शकतो. आपल्याला दूर जावे लागणार नाही, महाबळेश्वर परिसरात असे अनेक मधपाळ आहेत आणि तेथील मांघर हे २०२२ पासून मधाचे गाव म्हणून ओळखले जाते. आग्या माश्या एका जागी कायम राहत नाहीत. काही महिन्यांनी त्या आपण होऊन उठून जातात. तोपर्यंत त्या झाडाखाली धूर, फटाके, मोठा आवाज होऊ देऊ नये, मुलांना दगड मारू देऊ नये आणि गुरे तिथे बांधू नयेत. माश्या उठल्याच तर जमिनीवर आडवे न पडता, हात न झाडता, तोंड झाकून बंद घरात पळावे. लागलेले काटे नखाने खरवडून काढावेत. श्वास लागला, ओठ किंवा चेहरा सुजला, किंवा पुष्कळ माश्या चावल्या असतील तर लगेच रुग्णालयात जावे. झाड अगदी दाराशी असल्यास आणि घरात वृद्ध किंवा लहान मुले असल्यास मोहोळ रात्रीच्या वेळी जाणकाराकडून हलवून घ्यावे.